डेटाबेसमधला आकडा आणि हातातला तुकडा जुळत नाही, तेव्हा काय तपासायचं

‘डेटाबेसमध्ये यील्ड २७६ आहे, सर्टिफिकेटवर २५२ आलीय. माल परत पाठवू का?’

यील्ड म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण, इथे मेगापास्कलमध्ये. डेटाबेस मटेरियलच्या गुणधर्मांचा, सर्टिफिकेट मालासोबत आलेलं चाचणीचं. आकडे बदलतात, प्रश्न तोच. मी डिझाइन विभागात मटेरियलचं काम बघतो, त्यामुळे आकडा पटला नाही की लोक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. बहुतेक वेळा माल ठीक असतो आणि डेटाबेसही ठीक असतो. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शेजारी ठेवून आपण त्यांची तुलना करत बसलेलो असतो. कुठला आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढं शोधायचं असतं. मी ज्या क्रमाने शोधतो तो क्रम खाली दिला आहे. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत, खुर्चीवरून न उठता होतात.

लक्षणं

- एकाच ग्रेडचे दोन डेटाबेसमधले आकडे वेगळे.
- टेस्ट सर्टिफिकेटवरची यील्ड डेटाबेसपेक्षा कमी. किंवा खूपच जास्त, आणि मग ‘आपण भाग उगाच जाड केला का’ अशी कुजबुज.
- सिम्युलेशनमध्ये हातात मावणारा ब्रॅकेट काही टन वजनाचा निघतो, किंवा त्याची नैसर्गिक वारंवारिता कल्पनेपेक्षा कितीतरी खाली येते.
- फिल्टर लावला की रोजचं मटेरियल यादीतून गायब, आणि वर कधी न ऐकलेला मिश्रधातू.
- प्लास्टिकचा भाग पहिल्या चाचणीत कडक, महिन्याभराने लेचापेचा.
- हिशेबात सुरक्षितता गुणांक भरपूर, तरी भाग वाकला किंवा तुटला.

शेवटचं लक्षण असेल आणि तुटलेला तुकडा समोर असेल, तर मधलं सगळं सोडा आणि आधी ‘इथे थांबा’ हा भाग वाचा. तुकड्याला तोवर हात लावू नका.

१. एकक

हसू नका. सगळ्यात आधी हेच बघा, कारण दोन मिनिटं लागतात.

अमेरिकन नोंदी केएसआयमध्ये (हजार पौंड-बल प्रति चौरस इंच) असतात. १ केएसआय म्हणजे ६.८९५ मेगापास्कल. जुन्या ड्रॉइंगवर आणि जुन्या सर्टिफिकेटवर किलोग्रॅम-बल प्रति चौरस मिमी सापडतं, त्याला ९.८१ ने गुणायचं. औष्णिक प्रसरण गुणांक प्रति अंश फॅरनहाइट दिला असेल तर १.८ ने गुणल्याशिवाय तो सेल्सिअसच्या हिशेबात घालता येत नाही. युरोपीय कागदावर ‘७,८५’ म्हणजे सात पूर्णांक पंच्याऐंशी शतांश. स्वल्पविराम गिळला गेला की घनता सातशे पंच्याऐंशी होते.

सिम्युलेशनमधला घोळ जवळजवळ नेहमी घनतेचा असतो. लांबी मिमी आणि बल न्यूटन असेल, तर वस्तुमान टनात यावं लागतं. म्हणजे स्टीलची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. बरेच जण किलोग्रॅम प्रति घन मिमी धरून उणे ६ वा घात टाकतात. ताणाचं उत्तर बरोबर येतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. वस्तुमान मात्र हजारपट होतं आणि वारंवारिता हजाराच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३२ पटींनी, खाली येते. तुमची वारंवारिता अपेक्षेच्या बत्तिसाव्या हिश्शावर आली असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही.

एक झटपट कसोटी मी कुठल्याही नव्या नोंदीला लावतो. लवचिकता गुणांक, म्हणजे धातू किती ताठ आहे त्याचा आकडा, गिगापास्कलमध्ये घ्यायचा आणि त्याला ग्रॅम प्रति घन सेंमीमधल्या घनतेने भागायचं. स्टील: २०० भागिले ७.८५, उत्तर २५.५. ॲल्युमिनियम: ६९ भागिले २.७, पुन्हा २५.६. टायटॅनियमचा सर्वांत प्रचलित मिश्रधातू: ११४ भागिले ४.४३, २५.७. मॅग्नेशियमही २५ च्या आसपासच. हे चार धातू एका ओळीत उभे राहतात हा निसर्गाचा गमतीदार योगायोग आहे, आणि आपल्यासाठी फुकटची गेज. यांच्यापैकी एखाद्याचं उत्तर १७५ किंवा ३.७ आलं, तर कुठेतरी एकक चुकलंय. तांबं, पितळ, प्लास्टिक यांना ही कसोटी लागू नाही.

एककातच आणखी एक गोष्ट दडलेली असते. ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमची मॅटवेब या ऑनलाइन डेटाबेसवरची नोंद उघडा: यील्ड २७६, टेन्साइल (तुटण्याआधीचा कमाल ताण) ३१०, लवचिकता गुणांक ६८.९ गिगापास्कल, फटीग स्ट्रेंग्थ (पुन्हापुन्हा दिलेला ताण सोसण्याची ताकद) ९६.५. किती काटेकोर दिसतं! आता ६.८९५ ने भागून बघा. ४० केएसआय, ४५ केएसआय, १०,००० केएसआय, १४ केएसआय. कुणीतरी कधीकाळी गोल करून लिहिलेले आकडे, मेट्रिकमध्ये गेल्यावर टोकदार दिसायला लागले. २७६ मधल्या सहाला काही अर्थ नाही. २७६ आणि २७४ यांच्यावरून ईमेल लिहिण्याआधी हे आठवा.

२. फिल्टरने कुणाला बाहेर काढलं

नेहमीचं मटेरियल यादीत दिसत नसेल तर शेवटचा फिल्टर काढा आणि पुन्हा बघा. आलं परत? मग त्या नोंदीत तो रकाना रिकामा आहे. बहुतेक शोध-पानं रिकाम्या रकान्याला ‘अट पूर्ण नाही’ असंच समजतात. फ्रॅक्चर टफनेस (भेग पसरू न देण्याची क्षमता), फटीग आणि क्रीप (सततच्या भाराखाली हळूहळू ताणलं जाणं) हे रकाने सर्वांत जास्त रिकामे असतात, म्हणून हे फिल्टर अगदी शेवटी लावावेत. पहिल्याच पायरीला लावले, तर आपण चांगलं मटेरियल निवडत नाही, भरपूर चाचण्या झालेलं मटेरियल निवडतो.

यादीच्या डोक्यावर विचित्र नाव येत असेल, तर बहुधा क्रम चुकीच्या गोष्टीवर लावलाय. वर बघितलंच की लवचिकता गुणांक भागिले घनता या हिशेबात स्टील, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम सगळे सारखे. सरळ ताण घेणाऱ्या दांड्याला तो हिशेब बरोबर आहे. पण वाकणाऱ्या, हलक्या पण ताठ हव्या असलेल्या तुळईला गुणांकाचं वर्गमूळ घेऊन घनतेने भागायचं असतं: स्टील १.८, ॲल्युमिनियम ३.१, मॅग्नेशियम ३.८. पत्र्यासारख्या सपाट भागाला घनमूळ, तिथे फरक आणखी वाढतो. केंब्रिजच्या मायकेल ॲश्बी यांनी रूढ केलेले हे निर्देशांक आणि त्यांचे आलेख ग्रॅन्टा या मटेरियल निवडीच्या सॉफ्टवेअरचा कणा आहेत. पण कुठल्या भागाला कुठला निर्देशांक, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. ते आपणच सांगायचं.

३. नोंदीचं पूर्ण नाव

ग्रेड म्हणजे आडनाव. एका आडनावाची बरीच माणसं असतात.

६०६१ च्या पुढे ‘ओ’ असेल तर यील्ड सुमारे ५५ मेगापास्कल. ‘टी४’ असेल तर १४५ च्या आसपास. ‘टी६’ असेल तर २७६. रसायन तेच, फक्त उष्णतेचा इतिहास वेगळा. ॲल्युमिनियमच्या नावापुढच्या या खुणेला टेंपर म्हणतात. ४१४० स्टीलमध्ये तर अंतर आणखी मोठं: ॲनील केलेल्या (तापवून सावकाश थंड करून मऊ केलेल्या) गजाची यील्ड सुमारे ४१५, आणि क्वेंच करून (तापवून झटकन थंड करून) मग २०० अंशांच्या आसपास टेंपर केलेल्या, म्हणजे पुन्हा तापवलेल्या, बारीक गजाची १६०० च्या वर. ३०४ स्टेनलेस ॲनील अवस्थेत किमान २०५. थंड रोलिंग करून पाव-कडक केला की किमान ५१५.

एकदा एक ब्रॅकेट आला, ड्रॉइंगवर फक्त ‘६०६१’. हिशेब टी६ चा. खरेदी विभागाने जे लिहिलं होतं तेच मागवलं, आणि जे मागवलं तेच आलं. मी ब्रॅकेटचं एक टोक व्हाइसमध्ये धरलं, दुसऱ्या टोकाला हाताने दाब दिला, आणि ते वाकलं ते परत आलंच नाही. हार्डनेस (कडकपणा) घेतली तर ब्रिनेल या मापात ३० च्या घरात. टी६ ला ती ९५ च्या आसपास हवी. यात पुरवठादाराची काही चूक नव्हती. दोन अक्षरं आमच्या ड्रॉइंगवरून गळली होती.

इथे एक उलटं सत्यही लक्षात ठेवा. ओ असो वा टी६, लवचिकता गुणांक ६८.९ च राहतो. तक्रार ‘भाग वाकून परत सरळ होतो, पण फार लवतो’ अशी असेल, तर टेंपर बदलून किंवा जास्त मजबूत ग्रेड शोधून काहीही होणार नाही. जाडी वाढवा, आकार बदला, नाहीतर धातू बदला. मजबूत आणि ताठ या दोन शब्दांची गल्लत झालेली मी जितक्या वेळा पाहिली आहे, तितकी दुसरी कुठलीच पाहिली नाही.

४. सरासरी, किमान की हमी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. डेटाबेसमध्ये २७६, सर्टिफिकेटवर २५२.

मॅटवेबच्या त्या नोंदीत शेरा आहे: ‘टिपिकल’. म्हणजे साधारणपणे मिळणारा आकडा. साधारण म्हटलं की काही माल त्याच्या वर असणार आणि बराचसा खालीही असणार. एएसटीएम बी२०९ हे पत्र्याचं अमेरिकन विनिर्देश किमान २४० मागतं. २५२ पास. माल परत पाठवू नका, हिशेब २४० वर पुन्हा करा. २४० वर भाग टिकत नसेल, तर तो आधीही टिकत नव्हता. तुमच्या नशिबाने काही लॉट चांगले आले, एवढंच.

‘पण सुरक्षितता गुणांक आहे ना?’ आहे, पण तो भाराच्या अनिश्चिततेसाठी, खाचांसाठी, कारागिरीसाठी घेतलेला असतो. त्यातले १३ टक्के सरासरी आणि किमान यांच्या फरकाने गुपचूप खाल्ले, तर बाकीच्यांसाठी किती उरलं हे कुणी मोजलेलं नसतं.

विमानाच्या कामात ही भानगड नीट सोडवलेली आहे. एमएमपीडीएस या हँडबुकमध्ये, जे आधी एमआयएल-एचडीबीके-५ म्हणून ओळखलं जायचं, आकड्याच्या डोक्यावर त्याची जात लिहिलेली असते. ए-बेसिस: ९५ टक्के विश्वासाने सांगता येतं की किमान ९९ टक्के माल या आकड्याच्या वर आहे. बी-बेसिस: त्याच विश्वासाने ९० टक्के. एस-बेसिस: विनिर्देशातलं किमान. भार घ्यायला दुसरा मार्ग नसलेल्या भागाला ए, एक मोडला तर शेजारी भार उचलेल अशा रचनेला बी. आपण विमानं बनवत नसलो तरी आकड्याची जात विचारायची सवय लावून घ्यायला हरकत नाही.

‘ओव्हरव्ह्यू’ अशा शीर्षकाच्या नोंदीपासून जपून राहा. ती अनेक उत्पादकांच्या ग्रेडची मिळून केलेली सरासरी असते. तसा माल कुणीच विकत नाही. ग्रॅन्टाच्या एज्युपॅकमध्ये काही आकड्यांपुढे तारका असते: तो आकडा मोजलेला नाही, अंदाजाने भरलेला आहे. पहिल्या चाळणीला चालतो, ड्रॉइंग रिलीज करायला नाही.

आणि उलट दिशेने: सर्टिफिकेटवर ३०४ ची यील्ड २९० आली म्हणून हिशेब २९० वर नेऊ नका. ते सर्टिफिकेट त्या हीट नंबरचं, म्हणजे भट्टीच्या त्या एका ओतीचं, आहे. पुढचा लॉट २३० चा आला, तर तोही बरोबरच असेल.

५. जाडी, आकार, दिशा

या तपासणीने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय.

१२० मिमी व्यासाचा शाफ्ट, ४२सीआरएमओ४ स्टील, क्वेंच आणि टेंपर. माझ्या हिशेबात यील्ड ९००. सर्टिफिकेट आलं ५९० चं. मी पुरवठादाराला दोन दिवस फोनवर फैलावर घेतलं, हीट ट्रीटमेंटची भट्टी नीट चालते का इथपर्यंत विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने शांतपणे युरोपीय मानकातल्या तक्त्याचा फोटो पाठवला. १६ मिमीपर्यंत किमान ९००. १६ ते ४० मिमी: ७५०. ४० ते १००: ६५०. १०० ते १६०: ५५०. मी डेटाबेसमधून पहिल्या ओळीतला आकडा उचलला होता. त्यांचा ५९० मागणीपेक्षा ४० ने वरच होता. मी फोन करून माफी मागितली.

कारण साधं आहे. जाड गज तेलात बुडवला तरी त्याचं पोट सावकाश थंड होतं, आणि सावकाश थंड झालेल्या पोटात हवी ती कडक रचना तयार होत नाही. मिश्रधातूत क्रोमियम-मॉलिब्डेनम घालतात ते कडकपणा खोलवर जावा म्हणूनच, पण त्यालाही मर्यादा आहे. डेटाबेसमधला चकचकीत आकडा बहुतेक वेळा अंगठ्याएवढ्या जाडीच्या नमुन्यावरचा असतो.

साध्या स्ट्रक्चरल स्टीललाही हे लागू आहे. एस३५५ मधला ३५५ फक्त १६ मिमीपर्यंत. ४० पर्यंत ३४५, ६३ पर्यंत ३३५, ८० पर्यंत ३२५, १०० पर्यंत ३१५. नाव तेच राहतं.

६०६१-टी६ मध्ये पत्र्याचं किमान टेन्साइल २९० आणि एक्सट्रूजनचं (साच्यातून दाबून काढलेल्या मालाचं) २६०, म्हणजे माल कुठल्या रूपात घेताय हेही बघा. जाड प्लेटमधून खोदून भाग काढत असाल तर दिशा बघा: रोलिंगच्या दिशेने, आडवं आणि जाडीच्या दिशेने. तिसरी दिशा सर्वांत कमजोर आणि डेटाबेसमध्ये सर्वांत दुर्मीळ. ७०७५-टी६ ची जाड प्लेट जाडीच्या दिशेने सतत ताणाखाली आणि ओलाव्यात ठेवली तर तिला स्ट्रेस-करोजनच्या भेगा जातात. टी७३ टेंपर थोडी ताकद सोडून हाच त्रास टाळण्यासाठी आला.

आणि वेल्डिंग. टी६ वेल्ड केलं की जोडाशेजारच्या पट्ट्यात टी६ उरत नाही. तिथे २७६ धरून चालणं म्हणजे स्वतःच्या हाताने ॲनील केलेल्या धातूकडून कडकपणाची अपेक्षा करणं.

६. चाचणी कशी घेतली

इथे नोंदीतला बारीक अक्षरातला शेरा वाचावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण मुख्य भानगडी इथेच सापडतात.

फटीगचा ९६.५ घ्या. शेऱ्यात लिहिलंय: ५० कोटी आवर्तनं, पूर्ण उलटसुलट ताण, आर. आर. मूर यंत्र. म्हणजे गुळगुळीत पॉलिश केलेला बारीक गोल नमुना, फिरत फिरत वाकवलेला, कोरड्या हवेत. तुमच्या भागाला ड्रिलचं भोक आहे, टूलचे ओरखडे आहेत, आणि ताण शून्यापासून वर जाऊन परत शून्यावर येतोय. यातली एकही अट त्या नमुन्यात नव्हती. शिवाय ॲल्युमिनियमला स्टीलसारखी सपाट मर्यादा नसते, आवर्तनं वाढली की आकडा घसरतच जातो. म्हणून किती आवर्तनांचा आकडा, हे कळल्याशिवाय तो आकडा वापरूच नये.

प्लास्टिकचं हीट डिफ्लेक्शन तापमान (भाराखाली नमुना लवतो ते तापमान) हा दुसरा खड्डा. चाचणी दोन ताणांवर घेतात, १.८ मेगापास्कल आणि ०.४५ मेगापास्कल. काच न घातलेल्या नायलॉन ६६ चा पहिल्या ताणावरचा आकडा ७० अंशांच्या आसपास, दुसऱ्यावरचा २०० च्या आसपास. तोच माल, तेच चाचणीचं नाव, फरक १३० अंशांचा. दोन डेटाबेस एवढं वेगळं सांगत असतील, तर दोघांचाही ताण बघा. जाहिरातीच्या पत्रकात कुठला आकडा छापतात हे सांगायला नकोच.

पत्र्याचं इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबवाढ) ५० मिमी गेज लांबीवर मोजलं तर जास्त दिसतं, ८० मिमीवर कमी, कारण तुटण्याआधी मान बारीक होते तिथली मोठी वाढ लांब अंतरावर वाटली जाते. प्लास्टिकचा इझॉड (आघात चाचणीचा आकडा) एका पद्धतीत जूल प्रति मीटर, दुसऱ्या पद्धतीत किलोजूल प्रति चौरस मीटर. यांचं एकमेकांत रूपांतर करत बसू नका, नमुनेच वेगळे असतात.

७. प्लास्टिक असेल तर पाणी आणि वेळ

नायलॉनचा भाग आधी कडक आणि नंतर ढिला, ही तक्रार आली की मी काही न बोलता वजनकाटा आणतो. साच्यातून निघालेला कोरडा भाग आणि महिन्याभराचा भाग, दोघांचं वजन करायचं. जुना जड निघतो. नायलॉन ६६ हवेतला ओलावा पितं. २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत सुमारे अडीच टक्के, पाण्यात बुडवून ठेवलं तर आठ टक्क्यांच्या वर. कोरड्या अवस्थेतला ३००० मेगापास्कलच्या आसपासचा लवचिकता गुणांक ओलावा भरल्यावर निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. पातळ भागाला हे व्हायला काही आठवडे पुरतात, जाड भागाला महिने लागतात, म्हणून स्वीकृती चाचणीत सगळं छान दिसतं.

कॅम्पस या प्लास्टिकच्या डेटाबेसमध्ये नायलॉनच्या नोंदीत तिरप्या रेघेच्या दोन बाजूंना दोन आकडे दिसतात. डावीकडचा कोरडा, उजवीकडचा ओलावा भरलेला. डोळा डावीकडे आधी जातो, आणि तिथला आकडा मोठाही असतो. हिशेबाला उजवीकडचा घ्या.

हे आकडे २३ अंशांचे असतात आणि चाचणी काही मिनिटांत संपते. सतत भाराखाली राहणारा क्लिप, स्प्रिंग, स्क्रूखाली दाबलेला बॉस (स्क्रूसाठीचा उंचवटा) अशा भागांना क्रीपचा आलेख लागतो. डेटाबेसमध्ये नसेल तर उत्पादकाकडे मागा. बरेच जण देतात, फक्त मागावा लागतो.

८. ‘समतुल्य’ ग्रेड आणि आकड्याचं मूळ गाव

४१४०, ४२सीआरएमओ४, एससीएम४४०, जुना ब्रिटिश ईएन१९. समतुल्य-तक्त्यात हे एका ओळीत असतात. त्याचा अर्थ यांच्या रसायनाच्या पट्ट्या बऱ्याच अंशी एकमेकांवर येतात, इतकाच. किमान यील्ड, जाडीचे टप्पे, गंधकाची मर्यादा, चाचणीचा नमुना कुठून कापायचा, हे सगळं वेगळं असू शकतं. एका मानकाच्या नावाने माल घेऊन दुसऱ्या मानकाचा आकडा हिशेबात वापरू नका. ज्या नावाने खरेदी, त्याच नावाचा आकडा.

दोन डेटाबेस सारखा आकडा देतात म्हणून तो पक्का, असंही समजू नका. पुष्कळदा दोघांनी एकाच जुन्या हँडबुकातून उतरवलेला असतो. तो एकच साक्षीदार आहे, दोनदा बोललेला. स्रोताच्या दुव्यावर जाऊन बघा.

मटेरियल्स प्रोजेक्टसारख्या संगणकीय डेटाबेसवरून कुणी आकडा आणला तर थोडं सांभाळून घ्या. तिथले गुणधर्म क्वांटम-यांत्रिकीच्या हिशेबातून येतात, तेही निर्दोष स्फटिकाचे आणि निरपेक्ष शून्य तापमानाचे. नवा संयुग शोधणाऱ्याला ती खाण आहे. गिअरच्या दाताला ताकद किती, हा प्रश्न त्या डेटाबेसने स्वतःला कधी विचारलेलाच नाही.

९. आता तुकडाच तपासा

इथून पुढे पैसे लागतात, म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी हार्डनेस. कार्बन आणि कमी-मिश्र स्टीलमध्ये ब्रिनेल आकड्याला ३.४५ ने गुणलं की टेन्साइलचा चांगला अंदाज येतो. २०० ब्रिनेल म्हणजे सुमारे ६९०. मोजण्याआधी वरचा थर घासून काढा. उष्णतेने कार्बन उडालेला थर मऊ लागतो आणि चांगला माल नापास होतो. हे सूत्र ॲल्युमिनियमला किंवा थंड काम झालेल्या स्टेनलेसला लावू नका.

मग रसायन. हातातलं एक्स-रे पिस्तूल क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम क्षणात सांगतं, पण कार्बन त्याला दिसत नाही. ३०४ आणि ३०४एल, किंवा मऊ स्टील आणि ०.४५ टक्के कार्बनचं स्टील यांतला फरक त्याने कळणार नाही. त्यासाठी ठिणगी पाडून प्रकाश मोजणारं स्पेक्ट्रोमीटर हवं. पिस्तुलाचा निकाल ‘पास’ आला म्हणून निश्चिंत झालेली माणसं मी पाहिली आहेत.

शेवटी टेन्साइल चाचणी, शक्यतो भागातूनच कापलेल्या नमुन्यावर. प्रयोगशाळेला दिशा, कापायची जागा आणि मानकाचं नाव लेखी द्या. किमान तीन नमुने द्या. एकावरून विखुरणं कळत नाही.

इथे थांबा

खालच्या गोष्टींत मी स्वतः डेटाबेस बंद करतो आणि धातुतज्ज्ञाला किंवा त्या कामाची जबाबदारी असलेल्या अधिकृत अभियंत्याला फोन करतो.

दाबपात्र, बॉयलर, उचलण्याची साधनं, विमानाचा भाग, शरीरात बसणारा भाग. इथे आकडा निवडायचा अधिकार आपल्याकडे नसतो, संहितेकडे असतो. दाबपात्राला एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या संहितेच्या सेक्शन २ भाग डी मधला त्या तापमानाचा अनुज्ञेय ताण, आणि तोच. डेटाबेसमधल्या यील्डला स्वतःच्या मनाने दीडने भागून काढलेला आकडा नाही.

स्टील लाल होण्याच्या खूप आधी, ४०० अंशांच्या आसपासच, क्रीपचा विचार सुरू होतो. सततच्या तापमानाचं काम असेल तर थांबा. हायड्रोजन, आंबट वायू (हायड्रोजन सल्फाइड असलेला), क्लोराइडचं गरम पाणी यांच्याशी संपर्क असेल तरी थांबा. तिथे जास्त ताकदीचा ग्रेड निवडणंच घातक ठरू शकतं. वरच्या नऊ तपासण्या करूनही फरकाचं कारण सापडलं नसेल तर दहावी शोधू नका.

भाग तुटला असेल, तर तुटलेले दोन चेहरे एकमेकांवर बसवून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. बसवू नका. फटीगच्या बारीक रेघा घासल्या जातात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली काही उरत नाही. वायर ब्रश नाही, गंजरोधक फवारा नाही, बोटही नाही. आधी फोटो, जागेवर असतानाच. मग कोरड्या कागदात दोन्ही तुकडे वेगवेगळे गुंडाळायचे, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत ठेवायचे. सोबत ड्रॉइंग, हीट नंबर असलेलं सर्टिफिकेट, किती तास चाललं आणि कुठल्या तापमानाला, आणि ज्या डेटाबेस नोंदीवर हिशेब केला तिचा तारखेसकट स्क्रीनशॉट. नोंदी मागाहून दुरुस्त होत असतात, आणि त्या दिवशी तुमच्यासमोर कुठला आकडा होता हे तज्ज्ञ पहिल्यांदा विचारतो.